गाडी मागं घ्यायची नाही

आमच्या घरमालकांच्या जीपला रिव्हर्स गिअर नव्हता. म्हणजे कंपनीनं दिला होता, तो कधीतरी तुटला आणि आप्पांनी पुन्हा बसवलाच नाही. "जे वापरायचंच न्हाई त्येच्यावर खर्च कशाला करायचा?" असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. मी खोली बघायला गेलो होतो आणि ते जीप पुसत होते. भाडं किती, पाणी कधी येतं, असलं मी विचारत होतो आणि हा माणूस मला गिअरबॉक्स समजावून देत होता. च्यायला, हे काय प्रकरण आहे, असं मनात आलं. पण खोली हवेशीर होती, गॅलरी रस्त्याच्या अंगाला होती, म्हणून राहिलो.

मी मूळचा सांगलीचा. साताऱ्याला एमआयडीसीत एका कारखान्यात हिशेब बघायची नोकरी लागली, म्हणून आलो. आप्पांना सांगलीचा माणूस भाडेकरू म्हणून चालत होता, पण सांगली चालत नव्हती. "सपाट गाव. हिकडं बगितलं तरी सपाट, तिकडं बगितलं तरी सपाट. सपाट रस्त्यावर गाडी हाकायला ड्रायव्हर कशाला पायजे रं? नुसता मानूस बसवला तरी भागतंय." मी "खरंय आप्पा" म्हणायचो. महिन्याची एक तारीख जवळ आलेली असायची.

आप्पा मिलिटरीत ड्रायव्हर होते. डोंगरातल्या एकेरी रस्त्यांवर पुढं एक ट्रक, मागं एक ट्रक आणि मधे हे. तिथं मागं जायची सोयच नव्हती, आणि ते त्यांच्या अंगात जे भिनलं ते कायमचं. पेन्शन घेऊन आल्यावर त्यांनी जीप घेतली आणि पाटण लाइनला वडाप सुरू केलं. वडाप म्हणजे शिटा वाहायचा धंदा, जीप पुरती भरल्याशिवाय हलायची नाही, आणि आप्पांच्या लेखी ती कधी भरायचीच नाही. समोरून ट्रक आला आणि रस्ता अरुंद असला तर आप्पा इंजिन बंद करून विडी पेटवायचे. मागं घ्यायचं ते समोरच्यानं. फारच अडलं तर पॅसेंजर उतरून जीप मागं ढकलायचे, आप्पा आत बसून समोर बघत राहायचे. "म्या न्हाई मागं गेलो," ते सांगायचे, "पब्लिकनं नेलं."

एका लग्नाची गोष्ट तर मी किमान चार जणांकडून ऐकली. नात्यातलं लग्न होतं, औंधच्या बाजूला. आप्पांचा फाटा चुकला. बायको शेजारी बसून सांगतेय, आवं चुकला, मागं फिरवा. पण फिरवतील तर ते आप्पा कसले! पुढं गेले, तर पुढच्या गावातही एक लग्न चाललेलं. आप्पांनी तिथं जीप लावली. "हितं बी लगीनच हाय की," म्हणाले. आहेर केला, पंगतीला बसले, नवरा-नवरीबरोबर फोटो काढून घेतला. नानी, म्हणजे त्यांची बायको, नवं लुगडं नेसून परक्या मांडवात रागानं जिलबी खात होती. गंमत म्हणजे त्या घराशी यांचं अजून जाणं-येणं आहे. ज्यांचं खरं लग्न होतं ते मात्र बोलत नाहीत.

मी राहायला गेलो त्याच्या आधीच नानींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. चार पायांची काठी टेकत त्या घरात फिरायच्या. जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत अडकायचे. डोकं शाबूत होतं आणि राग तर पहिल्यापेक्षा ताजा. त्या काही बोलल्या की आप्पा "व्हय व्हय" म्हणायचे. कळलं तरी व्हय व्हय, नाही कळलं तरी व्हय व्हय. एकदा नानी सांगत होत्या की दूध उतू चाललंय. आप्पा पेपरात तोंड घालून व्हय व्हय करत बसले. दूध गेलं, पातेलं करपलं, आणि नानींनी हातातली मिश्रीची डबी फेकली ती थेट आप्पांच्या कपाळावर. आप्पा कपाळ चोळत मला म्हणाले, "निशाना बग की गड्या! आन डागदर म्हनतोय अर्धं अंग गेलं!"

नानींचं बोलणं कळणारं माणूस अख्ख्या साताऱ्यात एकच होतं. समोरच्या घरातल्या हमीदाभाभी. दोघी या रस्त्यावर सुना म्हणून आल्या आणि इथंच म्हाताऱ्या झाल्या. भाभींचे गुडघे पार गेलेले. दारातून निघून स्वतःच्या कट्ट्यावर बसायचं आणि कट्ट्यावरून उठून दारात जायचं, एवढाच त्यांचा प्रवास. म्हणून दुपारची जेवणं झाली की नानी काठी टेकत रस्ता ओलांडून जायच्या. मग तळहातावर मिश्री घेऊन दोघींचं सुरू व्हायचं. भाभी नानींच्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि त्यांना सगळं कळायचं. कुणाची सून कशी, कोणती भाजी नासकी निघाली, आप्पांनी आज काय दिवे लावले. फोनवर हे जमायचं नाही. भाभींच्या मुलानं व्हिडिओ कॉल करून बघितला, तर त्यात नानींचं नुसतं नाक दिसायचं. कट्टाच लागायचा. नानींचं बोलणं अडखळायचं, पण हसणं साफ होतं, आणि ते मला वर गॅलरीत ऐकू यायचं.

आणि मग त्या रस्त्याची वाट लागली.

आमच्या कॉलनीच्या टोकाला हायवेवरून खाली येणारा एक उतार होता. वरच्या पुलाचं काम चाललं होतं तेव्हा खडी-सिमेंटच्या गाड्यांसाठी तो तात्पुरता काढलेला. पूल झाला, गाड्या गेल्या, उतार राहिला. तात्पुरती गोष्ट आपल्याकडे एकदा झाली की तिला कोण हात लावतंय? पहिल्यांदा तिथून शेळ्या आणि दुधवाले यायचे. मग मोबाईलमधल्या बाईला त्याचा शोध लागला. ती बाई लोकांना सांगायला लागली की पुढे डावीकडे वळा. चौकातला सिग्नल चुकतोय म्हटल्यावर जो तो डावीकडे वळायला लागला. सकाळी एमआयडीसीत जाणारे, संध्याकाळी परत येणारे, दुपारी उगीच फिरणारे, सगळे आमच्या दारातून. दोन मोटारी समोरासमोर आल्या की कुणीतरी उतरून मागं जाणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर थापा मारायचा, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास!" दिवसभर तोच गजर. आप्पांना ते ऐकवायचं नाही. ते कानात बोटं घालून आत जायचे.

"कोन ही भवानी?" आप्पांनी मला विचारलं. मी मोबाईलमधून तिचा आवाज ऐकवला. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज गोड हाय. हिला एकदा हितं आनून दुपारच्याला रस्ता वलांडायला लावली पायजे."

नानी तरीही जात होत्या. काठी उंचावून गाडीवाल्यांना थांबवायच्या, काही थांबायचे, काही हॉर्न वाजवायचे. एक दिवस एका मोटारीचा आरसा काठीला लागला. काठी उडून गटारात गेली, नानी रस्त्यातच बसल्या. लागलं काही नाही. पण मोटारीतल्यानं काच खाली करून ओरडून सांगितलं, "म्हातारे, घरात बस की!" आणि गेला. मी गॅलरीतून पळत खाली आलो तोवर आप्पांनी नानींना उचललं होतं. त्या दिवसापासून नानी खरंच घरात बसल्या.

आणि बोलायच्याही थांबल्या. डबी नाही, चिडणं नाही, काही नाही. भिंतीकडे तोंड करून बसायच्या. समोर कट्ट्यावर भाभी एकट्याच मिश्री लावत आमच्या दाराकडे बघत बसायच्या. दोघींच्या मधे रस्ता केवढा? एक बैलगाडी जाईल आणि दुसरीला थांबावं लागेल, एवढा. त्या आठवड्यात एकदा मी भाडं द्यायला गेलो, तर आप्पा अंधारात बसलेले. म्हणाले, "घरात आवाज न्हाई रं. मला तिचं निम्मं कळत न्हवतं, पन आवाज तर हुता. माजी बायको मुकी न्हाई. तिचं बोलनं त्या कट्ट्यावर ऱ्हायलंय." आप्पांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "त्यो उतार बंद करायचा. आता मागं न्हाई."

बाहेर मात्र त्यांनी नानींचं नाव कधी काढलं नाही. बाहेर ते नागरी हक्क, लहान मुलांची सुरक्षा, धूळ, दमा असलं बोलायचे. कॉलनीला सगळं ठाऊक होतं, पण कॉलनीनंही कधी काढलं नाही.

सुरुवातीला रीतसर झालं. अर्ज घेऊन आम्ही कचेऱ्या फिरलो. उतार हायवेवाल्यांचा, रस्ता नगरपालिकेचा, आणि उतार जिथं रस्त्याला लागतो ती वीतभर जागा कुणाचीच नाही, असं निष्पन्न झालं. मग आप्पांनी आपल्या पद्धतीनं सुरू केलं. दगड ठेवले, ते लोकांनी उचलून आमच्याच फाटकाला लावले. 'रस्ता बंद आहे' अशी पाटी लावली, तर तिच्या आडोशाला लोक लघवीला थांबायला लागले. शेवटी जीप आडवी लावली. तासाभरात घंटागाडी अडली, टँकर अडला, आणि जीप मागं घ्यायची तर गिअर नाही. पन्नास माणसांनी "येऊ दे, येऊ दे" करत ढकलली ती चांगली गटारात. आप्पा आत बसून समोर बघत होते.

हायवेपलीकडच्या, वरच्या नगरातली माणसं भांडायला आली ती त्या दिवशी. त्यांचा एमआयडीसीचा रस्ता इथूनच. एक जण म्हणाला, "काका, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय का?"

आप्पा गटारातल्या जीपमधून वाकून बघत म्हणाले, "रस्ता न्हाई. रान बापाचं हुतं. उतार हाय तितं आमचा ऊस हुता. तुमी ज्येच्यावरनं हापिसाला जाता त्यो माजा खोडवा हाय." जीप काढायला मदत करून तो निघून गेला.

टोकाला चहाची टपरी होती, बापूची. त्याचा धंदा या वर्दळीवर जोरात चालला होता, त्यामुळे तो आप्पांच्या विरोधात. आप्पा त्याचा चहा पिणं सोडून दोन चौक पुढं जाऊन चहा पिऊन यायचे. वाईट चहा पिऊन यायचे आणि तोंड वाकडं करून बापूच्या टपरीसमोरून जायचे.

मग कॉलनीत एक लग्न निघालं. हळदीच्या आदल्या दिवशी मांडववाला आला, रस्त्यात बांबू रोवले, वर कापड ताणलं, माळा सोडल्या. आणि चमत्कार बघा, दोन दिवस एक गाडी आली नाही. म्हणजे येत होत्या. उतारावरून सुसाट खाली यायच्या, मांडव दिसला की गपगार थांबायच्या आणि एकही हॉर्न न वाजवता मागं जायच्या. पोलिसांचं बॅरिकेड असतं ते उतरून बाजूला सारणारे हेच लोक. पण मांडव! मांडवाला कोण हात लावणार? आपण आपल्या लग्नात, जत्रंत, गणपतीत हेच करतो, मग दुसऱ्याला बोलायचं कुठल्या तोंडानं? त्या दोन्ही दुपारी नानी भाभींच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. आप्पांनी धरून नेलं नाही, काही नाही, मांडवाच्या सावलीतून आपल्या आपण गेल्या. हसणं पुन्हा गॅलरीत आलं.

तिसऱ्या दिवशी मांडववाला बांबू काढायला आला. आप्पा एक बांबू मिठी मारून उभे. "ऱ्हाऊ दे," म्हणाले.

"आप्पा, लगीन झालं की."

"लगीन झालं. पूजा ऱ्हायलीय."

पूजा होती खरी, लग्नानंतरची सत्यनारायणाची. ती झाली. मग शेजारच्या घरात पूजा निघाली, मग त्यांच्या शेजारच्या. एवढ्या दाटीनं सत्यनारायण आमच्या कॉलनीत त्याआधी कधी झाला नव्हता. शिरा खाऊन खाऊन मी दोन पँट सैल करून घेतल्या. मग डोहाळजेवण, मग बारसं. हमीदाभाभींच्या नातवाचा अकीका, म्हणजे त्यांच्याकडचं जावळ-बारसं, झाला, त्याला सगळी कॉलनी जेवायला. पेन्शनीत जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या एका मास्तरांचा निवृत्तीनिमित्त सत्कार झाला. ते भाषणात रडले, म्हणाले, तेव्हा कुणी केला नव्हता. चहा सगळा बापूकडून घ्यायचा असं आप्पांनी ठरवलं, त्यामुळे बापूही आमच्यात आला आणि पूजेला पुढं बसायला लागला. कारणं संपत आली तेव्हा आप्पांनी जीपला हार घालून तिचा वाढदिवस केला. त्या दिवशी कारखान्यात माझे साहेब घामाघूम होऊन उशिरा आले. तेही त्याच उतारावरून यायचे. मला म्हणाले, "तुमच्या गल्लीत रोज कुणाचं लग्न असतं हो?" मी म्हटलं, "आज जीपचा वाढदिवस आहे, सर." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या वर्षीची माझी पगारवाढ मी मनातल्या मनात सोडून दिली.

आप्पा दुपारी मांडवात खुर्ची टाकून बसायचे. तोंड उताराकडे, पाठ कट्ट्याकडे. पाठीमागं दोघींचं चाललेलं असायचं. आप्पांना त्यातलं काही कळत नसावं, पण ते मान डोलवत बसायचे.

वरच्या नगरातल्यांनी तक्रार केली. करणारच. आणि हायवेचे साहेब स्वतः बघायला आले तो दिवस नेमका रिकामा. कुठलाही कार्यक्रम नाही. मांडव उभा, खुर्च्या मांडलेल्या, माईकसुद्धा जागेवर, आणि आत आप्पा, मी, बापू, मांडववाला आणि एक कुत्रं. साहेबांची गाडी उतारावरून आली आणि मांडवापाशी थांबली. साहेब उतरले. तरुण माणूस, रागानं लाल झालेला.

"कसला कार्यक्रम आहे हा?"

मी आप्पांकडे बघितलं. बापूनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आज बांबू निघणार, आणि उद्या नानी परत भिंतीकडे तोंड करून बसणार.

आप्पा खुर्चीवरून उठले, खाड्कन सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "आवं साहेब, किती येळ वाट बगायची? तुमचाच सत्कार हाय!"

साहेबांचं तोंड उघडं राहिलं, आणि ते मिटायच्या आत मांडववाल्यानं त्यांना खुर्चीत बसवून डोक्याला फेटा गुंडाळायला सुरुवात केली होती. लग्नाचे फेटे त्याच्या टेम्पोत कायम असतात. फेटा बांधून घेताना माणसाला हलता येत नाही, मान ताठ ठेवावी लागते, आणि बांधणाऱ्यानं "हां, हितं धरा साहेब" म्हणून फेट्याचं टोक हातात दिलं की माणूस मुकाट्यानं धरून बसतो. साहेब धरून बसले. बापू पळत जाऊन नारळ घेऊन आला. टॉवेल आमच्या दोरीवरचा होता, धुतलेला होता म्हणून बरं. घराघरातनं बायामाणसं बाहेर आली, खुर्च्या भरल्या. टॉवेल, टोपी, नारळ. टोपी फेट्यावर बसेना, ती हातात दिली. मग आप्पांनी माईक पुढं केला. "दोन शब्द बोला."

आता फेटा बांधलेला, हातात नारळ, समोर बायका-पोरं बसलेली. असा माणूस 'हा मांडव बेकायदेशीर आहे' असं म्हणू शकेल का? साहेब घसा साफ करून म्हणाले, "आपण सर्वांनी जे प्रेम दाखवलं… आपल्या भावना मी वरपर्यंत पोचवीन, आणि हा उतार बंद करण्याच्या दृष्टीनं…" पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. टाळ्या थांबेनात. भाभी कट्ट्यावरून ओरडल्या, "जीते रहो बेटा!" नानींनी काठी आपटली. बापूचा मेव्हणा एका स्थानिक पेपराला बातम्या द्यायचा. दुसऱ्या दिवशी फेट्यातले साहेब छापून आले, खाली ठळक अक्षरात: उतार बंद करण्याच्या निर्णयाबद्दल नागरिकांकडून सत्कार.

निर्णय कुणी घेतला, हे त्यांच्या कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. पण सत्कार तर झाला होता. आता घेतलाच नाही म्हणायचं तर नारळ परत द्यावा लागणार. आणि उतार कागदोपत्री तात्पुरताच होता, तो राहिला कसा हे वरच्या साहेबांना सांगायचं कसं, हीच पंचाईत. थोड्याच दिवसांत क्रेन आली आणि उताराच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे बसले. मोबाईलमधली बाई काही दिवस डावीकडे वळा म्हणत राहिली, मग तीही गप्प झाली. वाहतूक पलीकडच्या कॉलनीत गेली. आठवड्याभरात तिथली माणसं आप्पांकडे आली. मला वाटलं आता मारामारी. ते मांडववाल्याचा नंबर मागायला आले होते.

बांबू निघाले त्या दुपारी मी घरीच होतो. मांडव गेल्यावर रस्ता एकदम उघडा-बोडका दिसायला लागला. ऊन, शांतता, मधोमध एक कुत्रं झोपलेलं. नानी काठी घेऊन फाटकात आल्या आणि थांबल्या. पाऊल उचलेना. मांडवात त्या बिनधास्त जायच्या, पण आता वर कापड नव्हतं, बाजूला बांबू नव्हते, नुसता रस्ता होता, आणि त्याच रस्त्यात त्यांना कुणीतरी घरात बस म्हणून सांगितलेलं होतं. त्यांनी उताराकडे बघितलं, मग इकडं बघितलं, पुन्हा उताराकडे.

"आवं नानी, या की!" कट्ट्यावरून भाभी ओरडल्या. "कुत्रं झोपलंय मधी, बगा तर!"

नानी हलेनात. आप्पा बाहेर आले. "सीधा चल! कदम उठाव!" असं मिलिटरीतलं त्यांनी करून बघितलं. नानींनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ती कवायत तिथंच थांबली. मग शेजारी उभे राहून दंड धरला, तर नानी त्यांच्याच अंगावर कलायला लागल्या. मागून धरलं, तर घाबरून ओरडल्या. इतका खटाटोप करून, सगळा गाव अंगावर घेऊन रस्ता मोकळा केला, आणि आता हे चार हात अंतर सुटत नव्हतं. आप्पांचा चेहरा मला वरून दिसत होता. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा जीप गटारात गेली तेव्हाही बघितला नव्हता.

मग ते नानींच्या समोर आले, रस्त्याकडे पाठ केली, काठी काढून फाटकाला टेकवली आणि नानींचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "माज्याकडं बग," म्हणाले. "रस्त्याकडं बगूच नगंस." आणि त्यांनी एक पाऊल मागं टाकलं.

मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला. आप्पा मागं जात होते! एक पाऊल मागं, नानींचं एक पाऊल पुढं. पुन्हा एक मागं. मान न वळवता, डोळे नानींच्या डोळ्यांत. सवयच नव्हती ना बिचाऱ्याला, वाकडेतिकडे चालले होते. कुत्रं उठून बाजूला झालं. निम्म्या रस्त्यात नानी जोरजोरानं काहीतरी बोलायला लागल्या.

"व्हय व्हय," आप्पा म्हणाले.

नानी आणखी चिडून बोलल्या.

"व्हय व्हय व्हय."

"आवं काय व्हय व्हय!" भाभी कट्ट्यावरून किंचाळल्या. "मागं गटार हाय म्हनत्यात त्या! डावीकडं घ्या, डावीकडं!"

आप्पा जागच्या जागी थबकले. मग डावीकडे सरकले. भाभी कट्ट्यावर पुढं झुकल्या, पदर खोचला आणि हाताच्या तळव्यानं कट्ट्यावर थापा मारायला लागल्या.

"हां, येऊ द्या… येऊ द्या… जरा उजवीकडं… येऊ द्या, येऊ द्या… बास!"